तळ्याचं बूच

तापिराच्या पिल्लाचं नाव ठेवायला खुद्द बुपाती येणार म्हटल्यावर डॉक्टर सेकारनं कपाळाला हात लावला. बुपाती म्हणजे अख्ख्या जिल्ह्याचा धनी. धनी येणार म्हणजे जावातल्या वोनोजातीच्या प्राणिसंग्रहालयाच्या भिंतींना रंग लागणार, कुंड्या येणार, पाट्या ठोकल्या जाणार. आणि धनी गेला की कुंड्या परत जाणार. पाट्या मात्र राहायच्या. आधीच्या बुपातींच्या पाट्याही तिथं अजून उभ्या होत्या, आणि त्यांवर ज्या जनावरांची चित्रं होती त्यांतली निम्मी जनावरं कधी आलीच नव्हती.

सेकार तिथली प्रमुख. शिवाय तिथली जनावरांची डॉक्टर, आणि शिवाय 'संवर्धन व विकास विभागप्रमुख'. हे काही तिचं कर्तृत्व नव्हे. दोन माणसं निवृत्त झाली, त्यांच्या जागा भरायला पैसा नव्हता, तेव्हा वरच्यांनी त्या माणसांची पदं तिच्या दारावरच्या पाटीत घुसडली आणि प्रश्न मिटवला. पाटी एवढी लांबली की दार उघडलं की ती भिंतीवर आपटायची.

बाई हुशार होती, हाताला गुण होता, पण एक खोड होती. मोठ्या माणसापुढं तिच्या तोंडून 'इंगिह'शिवाय शब्द फुटायचा नाही. 'इंगिह' म्हणजे हो जी. कधी कधी नाही जी. आणि बऱ्याचदा, तुम्ही म्हणताय ते साफ चूक आहे पण मी कोण बोलणारी. जावात वाढलेल्या माणसाला यातलं नेमकं काय घ्यायचं ते बरोबर कळतं म्हणतात. बुपाती पाक सुसात्योंना, म्हणजे सुसात्योसाहेबांना, कळायचं की नाही देव जाणे. ते प्रत्येक 'इंगिह'ला 'हो' धरून पुढं चालायचे, आणि म्हणूनच तर बुपाती झाले होते.

आले ते झोकात आले. अंगात नवा बाटिकचा सदरा, मागं पर्यटन खात्याचे यूदांतो, काखेत लॅपटॉप. कुंपणापाशी उभं राहून पाक सुसात्योंनी सुमीकडं, म्हणजे पिल्लाच्या आईकडं, बराच वेळ पाहिलं. पुढचं अंग काळं, मधलं पांढरं, आणि नाकाची एवढीशी सोंड.

"हे पुढून हत्ती दिसतंय," ते म्हणाले, "आणि मागून..."

मागून काय दिसतंय ते सगळ्यांनाच दिसत होतं. पण तो शब्द बुपातींच्या तोंडी शोभला नसता, आणि शेजारी मशिदीतले, प्रार्थना सांगणारे मोदिन उभे होते.

"मागून गेंडा, पाक!" यूदांतोंनी झडप घातली.

चुकून का होईना, माणूस खरं बोलला. तापिर गेंड्याच्या नात्यातलंच. सेकारला तेवढंच बरं वाटलं.

पिल्लू आईच्या पोटाखाली दडून होतं. तपकिरी अंगावर पांढऱ्या रेघा नि ठिपके, जसं काही कलिंगडालाच पाय फुटलेत. बुपातींनी माइक हातात घेतला आणि नाव जाहीर केलं: विबावा जाया मुक्ती बुवाना. म्हणजे दरारा, विजय, सुबत्ता, आणि एवढ्यानं भागलं नाही म्हणून शेवटी अख्खं भुवन. टाळ्या कडाडल्या. दराऱ्यानं घाबरून पाण्यात उडी मारली.

"नाकापेक्षा मोती जड," सेकारच्या मागून तुकिरान पुटपुटला. तापिरांचा जुना राखणदार. लहानथोर सगळे त्याला पाकदे म्हणत, म्हणजे मोठे काका. "अजून दूध नीट ओढता येत नाही लेकराला, आणि म्हणे भुवन!"

"गप बसा हो, पाकदे."

मग यूदांतोंनी मांडवात पडदा लावून नवी योजना दाखवली. तळं बुजवायचं, झाडं काढायची, आणि त्या जागी आफ्रिकेचं माळरान करायचं. वरून काचेचा पूल. जिराफ आजच परवडणार नाही, तोवर फायबरचा उभा करायचा; फोटोत कुणाला कळतंय! झेब्रे मात्र खरे. सुमात्रातल्या एका संग्रहालयाशी बोलणं झालेलं होतं: दोन झेब्रे द्या, तापिर घ्या.

"आई आणि पिल्लू दोन्ही," यूदांतो म्हणाले. "तसंही तापिराला बघतं कोण? शाळेची पोरं कुंपणाशी उभी राहून भलतंच काहीतरी ओरडतात."

ट्रकमधून बंदर, बंदरावरून बोट, बोटीतून पुन्हा ट्रक. दूध पितं पिल्लू त्यात जगणार नाही, हे सेकारला आरशासारखं लख्ख दिसत होतं. बुपाती तिच्याकडं वळले. बायांना ते मानानं 'बू' म्हणत. "झकास आहे ना, बू डॉक्टर?"

"इंगिह, पाक," ती म्हणाली, आणि घरी जाऊन न जेवता झोपली.

आता तापिराची एक गंमत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावर आहे. तापिर कोरड्यात घाण करत नाही. पाण्यात उतरेल, तिथं मोकळं होईल, आणि बाहेर येऊन साळसूदासारखं उभं राहील. पाणी तोडलं तर पोट कोंडून आजारी पडेल, पण जमिनीवर बसायचं नाही. म्हणून तापिराचं तळं रोज उपसावं लागतं. तळाशी बूच आहे. ते ओढायचं, घाण पाणी पाइपातून नदीकडं गेलं की ताजं पाणी भरायचं. इतकं सोपं.

पण घोडं पेंड खात होतं ते डायनासोरपाशी. आधीच्या बुपातींनी 'आकर्षण' म्हणून सिमेंटचा डायनासोर बसवला होता, आणि कंत्राटदारानं त्याचा डावा पाय बरोबर त्या पाइपाच्या हौदीवर रोवला होता. तेव्हापासून पाणी थेंबथेंब निघायचं. सेकारनं किती अर्ज केले! उत्तर आलं की डायनासोर ही सरकारी मालमत्ता आहे, त्याला हात लावता येणार नाही. माळरानाची योजना आल्यावर दुसरं उत्तर आलं: जे पाडायचंच आहे त्याच्या दुरुस्तीला पैसा मिळत नाही. म्हणजे सुमीनं आफ्रिका होईपर्यंत रोखून धरायचं!

पाकदे आणि सेकार बादल्यांनी पाणी उपसायचे. पण आई पाण्यात शिरली की मागोमाग पिल्लू शिरायचं, तोंड बुडवायचं, प्यायचं. नाव ठेवून आठवडा झाला नसेल, दराऱ्याला जुलाब लागले.

सेकारनं जेवढं करता येईल तेवढं केलं. मीठसाखरेचं पाणी पाजलं, औषध दिलं, रात्रंदिवस शेजारी बसली. पिल्लू जरा सावरायचं आणि आईमागं पुन्हा त्याच पाण्यात जायचं. पाठीचा कणा दिसायला लागला. एका सकाळी तिनं त्याला उचललं तर अंगात काही वजनच नव्हतं, आणि बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"रडू नका, बू," पाकदे म्हणाला. "औषधानं नाही भागायचं. नाव जड झालंय त्याला."

"पाकदे, पाणी घाण आहे. तुम्हीच रोज उपसताय ना?"

"पाणी घाण आहेच. पण सुमी मोठी कशी झाली मग? तिचं नाव हलकं. माझ्या धाकट्या भावाचं नाव बापानं राजासारखं ठेवलं होतं, सारखा फिट येऊन पडायचा. लाल-पांढरी खीर केली, नाव बदललं, पाटीवाला म्हणून हाक मारायला लागले. आज चार पोरांचा बाप आहे."

"आणि डॉक्टरकडं नेलं नव्हतं?"

"नेलं होतं की. ते नेतातच."

सेकार चिडून उठली. पण संध्याकाळपर्यंत तिकीटवाली, माळी, सापांचा राखणदार, सगळे तेच म्हणायला लागले. नाव जड झालं, बदलून टाका. आणि बदलणार कोण? ज्यानं ठेवलं त्यानंच येऊन, आजारी जीव जिथं राहतो तिथं चटई टाकून, खीर वाटून, नवं नाव ठेवायचं. रीत रीतीसारखी व्हायला हवी.

तिथं सेकार थबकली. ज्यानं ठेवलं त्यानंच येऊन. जिथं राहतो तिथं बसून.

म्हणजे बुपाती. तळ्याकाठी. चटईवर.

दुसऱ्या दिवशी ती यूदांतोंच्या कचेरीत जाऊन बसली. तिचं ऐकून ते खुर्चीतच आडवे झाले.

"बू डॉक्टर, शुद्धीवर आहात ना? बुपातींना जाऊन सांगू, की तुम्ही ठेवलेल्या नावानं जनावर मरायला टेकलंय?"

"नका सांगू," सेकार हळूच म्हणाली. "मेल्यावर पेपरवाले सांगतीलच. 'बुपातींचा दरारा जुलाबानं गेला.'"

यूदांतोंनी डोळे मिटले. मथळा त्यांना दिसला असावा. तासाभरात दोघं बुपातींच्या बंगल्यावर होते.

पाक सुसात्यो चिडतील असं वाटलं होतं. ते गंभीर झाले. यूदांतोंना त्यांनी चहा सांगायला बाहेर पिटाळलं आणि आवाज खाली आणला.

"बू, तुम्हाला म्हणून सांगतो. माझं पाळण्यातलं नाव सूर्योकुसुमो हादिनिंग्रात. चालता येईना, बोलता येईना. आजीनं बदलून खेडवळ केमिन केलं. केमिन! आणि मी टणाटण उड्या मारायला लागलो. शाळेत, खेळात, सगळ्यात पुढं. निवडणुकीला उभं राहायचं ठरलं तेव्हा पक्षवाले म्हणाले, केमिनला कोण मत देणार? म्हणून हे सुसात्यो लावलं. तेव्हापासून," त्यांनी छातीवर हात फिरवला, "ही जळजळ. एवढे डॉक्टर केले, फरक नाही."

"इंगिह, पाक," सेकार म्हणाली. समोर तळलेल्या टोफूची बशी होती आणि मिरच्यांची वाटी अर्धी संपलेली होती, तेही तिला दिसत होतं.

"येतो मी. कधी करायचं सांगा."

चटया टाकल्या त्या पाण्याच्या कडेलाच. यूदांतो म्हणत होते मांडवात करू, पंखे आहेत. सेकारनं मान खाली घालून सांगितलं की रीत रीतीसारखी व्हायला हवी. केळीच्या पानांवर खीर मांडली, लाल गुळाची आणि पांढरी. मोदिननी प्रार्थना सुरू केली. ऊन तापायला लागलं, आणि वास उठायला लागला. यूदांतोंनी रुमाल काढला. बुपाती मात्र ताठ बसून होते. त्यांच्या कपाळावर घाम जमला.

आणि सुमी उठली. पाहुण्यांची गर्दी न बघता सावकाश उतरली, बुपातींच्या हाताच्या अंतरावर पाण्यात उभी राहिली, आणि तिचं जे रोजचं होतं ते तिनं केलं. बुडबुडे आले. प्रार्थना करताना मोदिनचा सूर एकदा हलला, पण मोडला नाही.

"बू," बुपाती ओठ न हलवता म्हणाले, "हे पाणी जात का नाही?"

सेकार आयुष्यात खोटं बोलली नव्हती असं नाही. 'इंगिह' म्हणतच जगली होती. पण रचून काही सांगायची ही पहिलीच वेळ.

"पाक, जुनी माणसं सांगतात, जड नाव पाण्यानं धुऊन काढायचं असतं. आणि ते पाणी वाहून जायला हवं. इथं अडलंय ते. नाव आत फिरतंय."

असलं कुठल्याही जुन्या माणसानं कधी सांगितलं नव्हतं. पण समोरच्या चटईवरून पाकदे जोरजोरात मान हलवायला लागला, जणू त्याची आजी रोज हेच सांगायची.

"अडलंय कशानं?"

"त्या डायनासोरच्या पायानं, पाक."

बुपातींनी डायनासोरकडं बघितलं. मागच्या बुपातींचा डायनासोर तो. त्याच्या चौथऱ्यावर मागच्या बुपातींचं नाव सोनेरी अक्षरांत होतं. पाक सुसात्योंच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं.

"तरीच!" ते म्हणाले. "फोडा तो पाय."

मालमत्ता, परवानगी, अर्ज, सगळं गेलं उडत. दुपारपर्यंत डायनासोर तीन पायांवर आला, हौदी मोकळी झाली, आणि सेकारनं बूच ओढलं तसं काळं पाणी गडगडत निघून गेलं. पिल्लाचं नवं नाव ठेवलं तोले. खेड्यात कुठल्याही पोराला मारायची हाक, 'अरे बाळ' म्हणावं तशी.

ताजं पाणी आलं, रोज उपसा सुरू झाला, औषध अंगी लागलं, आणि दहाएक दिवसांत तोले कुंपणाभोवती धावायला लागला. सेकार त्या दिवशी टपरीवर, पाकदेच्या उधारीवर, सगळ्यांना पेचेल-भात, म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीतली भाजी नि भात, घालून बसली. इतकी हसली की तिकीटवाली घाबरली.

पण बाई गं, हसायची घाई केलीस!

तोले बरा झाला तो कशानं? नाव बदलल्यानं. पाण्याचं, औषधाचं, बुचाचं नाव कुणाच्याही तोंडी नव्हतं. कुणीतरी त्याचा आधीचा नि नंतरचा व्हिडिओ टाकला, आणि आजूबाजूच्या गावांतून माणसं लोटली. अशक्त पोरं, न बोलणारी पोरं, गणितात नापास होणारी पोरं. सगळ्यांची नावं जड! तळ्याकाठी चटया पसरल्या. लोक बाटल्या भरून पाणी न्यायला लागले.

"तोंड नका धुऊ त्यानं!" सेकार सांगत फिरायची. "तापिराचं पाणी आहे ते!"

"म्हणूनच तर," बाया म्हणायच्या, आणि आणखी एक बाटली भरायच्या.

तिकिटं इतकी खपली की आफ्रिका आपोआप मागं पडली. झेब्रे नकोत, जिराफ नको, तापिर हलवायचे नाहीत. बुपातींनी जाहीर केलं की विकासाचा सगळा निधी आता तळ्याला. सेकारला जे जे हवं होतं ते सगळं मिळालं. आणि मग यूदांतो नवा आराखडा घेऊन आले. तळ्याला निळ्या फरशा, कडेला दिवे, उतरायला पायऱ्या, मध्ये खाली सोनेरी फरशांचं मोठं कमळ.

"कमळ नेमकं कुठं?" सेकारनं विचारलं.

"मध्यभागी. ते घाणेरडं बूच आहे ना, ते झाकून टाकू."

"पाक यूदांतो, मग पाणी सोडायचं कसं?"

"सोडायचं कशाला? लोक लांबून येतात ते पाण्यासाठी. त्यांच्यादेखत बरकत गटारात सोडायची? नवं पाणी वरून घालत राहू. तळं भरलेलंच दिसायला हवं."

"त्यात सुमी रोज..."

"बू डॉक्टर!" यूदांतोंनी चोहीकडं बघितलं. "असलं मोठ्यानं बोलू नये."

ती नियमाप्रमाणे लिहून, भेटून, विनवून थकली. प्रत्येक ठिकाणी शेवटी तिच्या तोंडून तेच एक 'इंगिह' निघालं, आणि प्रत्येकानं ते 'हो' म्हणूनच घेतलं. कमळ बसलं. पाणी पुन्हा हिरवं झालं, मग तपकिरी. दिव्यांच्या उजेडात छान दिसायचं. आणि तोलेनं पुन्हा दूध सोडलं.

पाकदे त्याच्या पोटावर हात ठेवून बसला होता. "बू, माझ्या लक्षात आलं. 'तोले' पण जड झालंय. दिवसभर हजार माणसं तेच नाव घेतात. कुठलंही नाव झिजून झिजून जड होतंच."

सेकारला त्याचा राग आला नाही. हे सगळं आपणच तर पेरलं. खोटं पेरलं, ते तरारून आलं, आणि आता त्याच्याच मुळाशी ते लेकरू पडलंय.

उद्घाटनाला मांडव, झालरी, वाजंत्री, टीव्हीवाले. बुपातींच्या शेजारी त्यांची लेक, तिच्या कडेवर तीनएक वर्षांची पोर, तापानं लाल झालेली, आईच्या खांद्यावर मान टाकलेली. तिचं नाव एवढं लांबलचक होतं की सूत्रसंचालकाला वाचताना मध्ये श्वास घ्यावा लागला. आज तिचंही नाव हलकं व्हायचं होतं. सगळ्यांसमोर, आजोबांच्या हातून.

सेकार खिरीचं ताट धरून पलीकडं उभी होती. बुपातींनी नारळाची करवंटी उचलली, पायरीवर वाकून तळ्यात बुडवली आणि भरून घेतली. काय भरलंय ते सेकारला तिथूनही दिसत होतं.

"नुसतं तोंड लावायचं हं, राणी," ते नातीला म्हणाले, "एक घोट."

"पाक," सेकार म्हणाली. वाजंत्री चालू होती. "पाक, जरा..." कुणी बघितलं नाही. करवंटी पोरीच्या ओठांपाशी आली.

"ओरा!"

म्हणजे नाही. पण हे 'नाही' जावात म्हशीला म्हणतात, नाहीतर चुलीकडं जाणाऱ्या पोटच्या पोराला. बुपातींना असं कुणी म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. वाजंत्री थांबली. ताट पडलं, खीर फरशीवर सांडली, आणि सेकारनं पुढं होऊन करवंटीला असा फटका मारला की ती गडगडत पाण्यात गेली.

"त्यात घाण आहे!" ती ओरडली. "सुमीची घाण आहे, रोजची साठलेली! नाव धुऊन जातं, वाहून जातं, असं काही नसतं. ते मी रचलं. मला डायनासोरचा पाय फोडून हवा होता, बाकी कुठल्या वाटेनं तुम्ही ऐकत नव्हता! तोले बुचानं बरा झाला, आणि तुम्ही बूच झाकलं. तो मरतोय तिकडं. हिला पाजू नका. पाया पडते, पाजू नका!"

पाक सुसात्योंनी तळ्याकडं बघितलं. मग तिच्याकडं. आणि सेकारला स्वच्छ दिसलं की माणसाला पटलंय. त्यांनी आपला ओला हात सदऱ्याला पुसला, लेकीच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "पोरीला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. मागच्या दारानं."

मग त्यांनी माइक घेतला.

"मित्रहो," ते मायेनं म्हणाले, "आपल्या बू डॉक्टर थकल्यात. चूक त्यांची नाही, आपली आहे. एका बाईवर केवढी ही नावं! प्रमुख, डॉक्टर, संवर्धन, विकास. तुम्हीच सांगा, कुणालाही जड होणार नाहीत?"

मांडवभर हळहळ पसरली. खरंय, खरंय. बायांनी डोळ्यांना पदर लावले. यूदांतोंनी तर मोठ्यानं सुस्कारा सोडला. आणि सांडलेल्या खिरीच्या जागी नवी खीर आली, चटई आली, सेकारला खांद्याला धरून बसवलं, आणि मोदिननी प्रार्थना सुरू केली. तिच्या पदांची नावं एकेक करून उतरवली गेली. प्रमुखपण यूदांतोंकडं गेलं, संवर्धन आणि विकासही त्यांच्याकडंच. तिला उरलं ते हलकंसं, सुटसुटीत: 'मदतनीस, तळे'. पगारही त्याच मापानं हलका झाला. खीर मात्र चांगली होती. तिनं सगळी खाल्ली, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दारावरची लांब पाटी निघाली आणि दार पहिल्यांदाच आवाज न करता उघडलं. मदतनिसाकडं कोण बघतंय! सेकार पहाटे पहार घेऊन तळ्यात उतरली आणि सोनेरी कमळाची मधली फरशी फोडली. कुणी विचारलं नाही. बघेल त्याला तळं भरलेलं दिसलं की झालं, आणि फाटक उघडायच्या आत ते रोज भरलेलं असायचं. पहिल्यांदाच लोक बाटल्यांतून स्वच्छ पाणी घरी न्यायला लागले आणि 'आता गुण जास्त येतो' म्हणायला लागले. तोलेला पुन्हा उतार पडला तो औषधानं, पण पाकदेनं मधल्या काळात गुपचूप त्याला 'कलिंगड' म्हणायला सुरुवात केली होती, त्यामुळं वादाला जागा राहिली.

बुपातींची नात दवाखान्यातून बरी होऊन आली. नाव बदललंच. बुपाती त्यानंतर एकदा येऊन गेले, कमळाच्या मधल्या भोकाकडं त्यांनी नीट बघितलं, आणि आकाशाकडं बघत निघून गेले.

एका सकाळी नवे प्रमुख यूदांतो कुंपणाशी आले. चेहरा ओढलेला, हात छातीवर. "पाकदे, जरा बाजूला या," म्हणाले. "ते... नाव जड झाल्यावर आधी जळजळ होते का हो?"

पाकदेनं त्यांना बाजूला नेऊन बराच वेळ काय काय सांगितलं. परत आला तेव्हा सेकार तळ्यात पोटापर्यंत उभी होती. मागं सुमी, आणि काठावर ठिपकेवाला तोले, आईकडं नाक करून उभा. पाकदे तिच्याकडं बघत राहिला.

"बू, तोंडावर कसं तेज आलंय तुमच्या! दोन महिन्यांपूर्वी काय अवस्था होती. मी म्हणत नव्हतो, नावच जड झालं होतं तुम्हाला?"

सेकारनं खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि बूच चाचपलं.

"इंगिह, पाकदे," ती म्हणाली, आणि ओढलं.